परमुलखांतील बोलण्याचें मोल

चिंचवडास बसून जर्मनींतील स्टुटगार्टास टेलिफोन करावा, तर त्यास कांहीं एक खर्च येतो. तोच चिंचवडकर गृहस्थ स्टुटगार्टास जाऊन आपल्या नेहमींच्या मोबाईलवरून घरीं बोलूं लागला, आणि त्यानें निघण्यापूर्वीं खास योजना घेतलेली नसली, तर बहुधा त्याहून कितीतरी अधिक खर्च येतो. अंतर तेंच, माणसें तींच, बोलणेंही तेंच. पैसे भरणाऱ्यानें केवळ जागा बदलली. इतकेंच नव्हे, तर घरून आलेला आवाज नुसता ऐकण्याबद्दलही त्या परदेशस्थास मोल द्यावें लागतें. या प्रकारास रोमिंग असें म्हणतात, व तो शब्द आतां आमच्या घरोघरीं रुळला आहे. परंतु हा भेद कां पडावा, तो आजचा आहे कीं जुना, व त्यांत न्याय किती आणि रूढि किती, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. बिल आलें म्हणजे चडफडावें आणि तें भरून टाकावें, एवढ्यावरच गोष्ट संपते.

पिंपरी-चिंचवड व चाकण या टापूंतील कुटुंबांस हा विषय परका नाहीं. येथील कारखान्यांतून माणसें शिक्षणासाठीं, यंत्रांच्या जुळणीसाठीं, वाटाघाटींसाठीं युरोपांत व जपानांत जातात. तिकडील इकडे येतात. आणि मुलें-मुली परदेशीं स्थायिक झालेलीं घरें तर निगडी-प्राधिकरणांत गल्लोगल्लीं सांपडतील. योगायोग असा कीं, हिंदुस्थानचा परदेशांशीं बोलण्याचा जो इतिहास आहे, त्याचीं प्रमुख पीठें याच टापूच्या दोन अंगांस उभीं राहिलीं. दक्षिणेस खडकी, उत्तरेस नारायणगांवाजवळील आर्वी. आणि मधोमध हा औद्योगिक पट्टा. म्हणून या प्रश्नाची चिकित्सा इथल्या इतिहासाच्या आधारें करणें सोयीचें होईल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक जुनी गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. निरोपाचा खर्च कोणीं सोसावा, पाठविणारानें कीं घेणारानें, हा वाद टेलिफोनहून पुष्कळ जुना आहे. पेशवाईंत जासूद आणि कासीद पत्रें पोंचवीत, तेव्हां त्यांचा खर्च अंतरावर व तांतडीवर ठरणें स्वाभाविक होतें. कारण माणसाचे पाय थकत, आणि मार्गांत त्यास शिधा लागे. इंग्रजी अमलांतही प्रारंभीं टपालहांशील अंतराप्रमाणें आकारीत. १८४० सालीं इंग्लंडांत रोलंड हिल यांच्या प्रयत्नानें सर्व देशभर पेनीचें टपाल सुरू झालें, तें एका साध्या सिद्धांतावर. हिल यांनीं हिशेब करून असें दाखविलें कीं, पत्राच्या खर्चांत प्रत्यक्ष वाहतुकीचा भाग अगदीं थोडा असतो. खरा खर्च तें घेण्यांत, निवडण्यांत, वाटण्यांत व घेणाराकडून पैसे वसूल करण्यांत होतो. आपल्याकडे १८५४ च्या कायद्यानें हेंच तत्त्व आलें. पाव तोळ्यापर्यंतचें पत्र देशांत कोठेंही जावो, हांशील अर्धा आणा. ज्यानें तिकीट लाविलें नाहीं, त्याचें पत्र मात्र बेरंग ठरे, आणि घेणारास दुप्पट दाम मोजावा लागे. हा बेरंग शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गांठ पुन्हां पडणार आहे.

तारायंत्रानें वेळ जिंकला, पण मोल वाढविलें. १८६४ सालीं इराणच्या आखातांतून कराचीपर्यंत तार टाकण्यांत आली, व १८६५ पासून लंडनशीं तारेनें व्यवहार सुरू झाला. वीस शब्दांस पांच पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें पन्नास रुपये पडत. १८७० सालीं एडनहून मुंबईस समुद्रांतील तार येऊन पोंचली, आणि पुढें दर उतरत गेले; तरी शब्द मोजून दाम देण्याची पद्धति राहिलीच. व्यापाऱ्यांनीं सांकेतिक शब्दांचे कोश छापून घेतले. एका शब्दांत सबंध वाक्य बसवूं लागले. सामान्य कुटुंबाच्या वांट्यास मात्र जन्म, मृत्यु व परीक्षेचा निकाल यांपलीकडे तार आली नाहीं. तार आली म्हणतांच घरांतील बायकांच्या काळजांत धस्स व्हावें, यांत तारेच्या दराचाही हात होता. स्वस्त वस्तु असती तर आनंदाच्याही बातम्या तिनें आणल्या असत्या.

आतां खडकीकडे वळूं. मार्कोनी यांनीं आंखूड लहरींची बिनतारी पद्धति सिद्ध केल्यावर ब्रिटिश साम्राज्यांत तिचीं स्थानकें उभारण्याचें ठरलें, व हिंदुस्थानच्या वांट्याचीं दोन स्थानकें पुणें जिल्ह्यांत आलीं. संदेश पाठविण्याचें खडकीस आणि घेण्याचें दौंडास. दोहोंमध्यें इतकें अंतर ठेवण्याचें कारण उघड आहे. आपल्याच प्रक्षेपकाचा प्रचंड आवाज शेजारीं होत असतां सातासमुद्रांपलीकडून आलेली क्षीण कुजबूज ऐकूं येणार कशी? या पद्धतीस ‘बीम’, म्हणजे झोत, असें नांव होतें. लाटा दाही दिशांस न उधळतां उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या तारांच्या पडद्याच्या योगानें त्यांचा झोत इंग्लंडच्या रोखानें सोडीत. त्यामुळें थोड्या विजेंत काम भागे. दिवसा सुमारें १६ मीटरांची व रात्रीं सुमारें ३४ मीटरांची लहर वापरीत. कारण वातावरणाच्या ज्या वरच्या थरांवरून ही लहर परतते, ते थर सूर्यप्रकाशाबरोबर पालटतात. १९२७ सालीं ही सेवा सुरू झाली, आणि १९३३ सालीं तिच्याच अनुषंगानें हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें प्रत्यक्ष बोलण्याचीही सोय झाली.

या झोतानें एक मोठा आर्थिक धडा शिकविला. समुद्रांतील तारांत कोट्यवधि रुपये अडकवून बसलेल्या कंपन्यांपेक्षां बिनतारी सेवा स्वस्त पडूं लागली, आणि गिऱ्हाईक तिकडे वळलें. तेव्हां दर उतरवून झुंज देण्याऐवजीं दोन्ही पक्षांचें एकीकरण करण्यांत आलें. विलायतेंत १९२९ सालीं तारा व बिनतारी एका छत्राखालीं आल्या, आणि हिंदुस्थानांतही १९३२ सालीं दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची मिळून एक कंपनी झाली. शास्त्रानें खर्च कमी केला, पण त्याचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत पुरता पोंचूं दिला नाहीं. या व्यवसायाच्या इतिहासांत हें पालुपद पुढेंही वारंवार ऐकूं येतें. १९४७ च्या आरंभीं हा सर्व कारभार सरकारनें आपल्या हातीं घेतला, व परदेश दळणवळण सेवा या नांवानें तो चालूं लागला.

स्वातंत्र्यानंतर या टापूचें रूप पालटलें. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. पुढील दहा-पंधरा वर्षांत आकुर्डीस बजाज, पिंपरीस टेल्को, चिंचवड-दापोडीकडे स्वीडनच्या व जर्मनीच्या सहकार्यानें चाललेले अनेक कारखाने आले. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि माळरानांवर वसाहती आंखल्या गेल्या. या कारखान्यांचा परदेशांशीं रोजचा संबंध. पण परदेशीं टेलिफोन लावणें ही त्या काळीं एक मोहीमच असे. आधीं नांव नोंदवावें, मग तासन्‌तास वाट पाहावी, पाळी आली कीं मोठ्यानें ओरडावें, आणि तीन मिनिटें संपलीं कीं मध्येंच येणारा कर्मचाऱ्याचा आवाज ऐकावा. आंखूड लहरींच्या मार्गांची संख्या मोजकी, आणि त्याही आकाशाच्या लहरीवर अवलंबून. वस्तु दुर्मिळ, म्हणून महाग. यांत त्या काळापुरता कोणास दोष देतां येणार नाहीं.

ही दुर्मिळता ज्यानें संपविली, तें केंद्र पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें १९७१ सालीं उभें राहिलें. नाशिक रस्त्यानें भोसरी, चाकण, खेड, मंचर असें जातां जातां नारायणगांवच्या आसपास हा मुलूख लागतो. डॉ. विक्रम साराभाई यांच्या नांवानें हें केंद्र ओळखलें जातें. तेथील सुमारें तीस मीटर व्यासाची थाळी हिंदी महासागरावर स्थिर असलेल्या उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली, आणि देशाचा व्यापारी उपग्रह-संपर्क तेथूनच सुरू झाला. डोंगरांनीं वेढलेली, शहरांच्या गोंगाटापासून दूर असलेली जागा त्यासाठीं हवी होती. पुढें त्याच परिसरांत खोडद येथें रेडिओ-दुर्बिणीचा मोठा प्रकल्प झाला, त्यालाही हीच शांतता मानवली.

या उपग्रहानें तत्त्वदृष्ट्या फार मोठी क्रांति केली. तो विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पिंपरीचा शब्द तितका वर जाऊन तितकाच खालीं यावयाचा. मग तो लंडनास उतरो वा टोकियोस, मार्गांत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. अर्थात् जमिनीवरील अंतरास खर्चाच्या दृष्टीनें अर्थच उरला नाहीं. रोलंड हिल यांनीं पत्राविषयीं जें गणितानें सिद्ध केलें, तें आर्वीच्या थाळीनें आवाजाविषयीं आकाशांत सिद्ध केलें. पुढें समुद्रतळाशीं कांचतंतूंच्या तारा आल्या. एकेका तंतूंतून एकाच वेळीं असंख्य संभाषणें जाऊं लागलीं, आणि एका मिनिटाच्या वाहतुकीचा खर्च नगण्य झाला.

मग दर तितक्याच वेगानें कां उतरले नाहींत? याचें उत्तर यंत्रांत नाहीं. तें हिशेबाच्या वहींत आहे. परदेशीं केलेल्या टेलिफोनाचे पैसे बोलणारा आपल्या देशांतील खात्यास देतो. त्यांतील ठराविक हिस्सा, पलीकडच्या देशानें तो आवाज घेऊन आपल्या माणसाच्या कानापर्यंत पोंचविला म्हणून, त्या देशाच्या खात्यास द्यावा लागतो. देशोदेशींच्या खात्यांनीं हे हिस्से आपसांत ठरविले, व कित्येक वर्षें त्यांचा हिशेब सोन्याच्या फ्रँकांत चाले. ज्या देशाकडे टेलिफोन अधिक येत, त्यास हें परकीय चलनाचें उत्पन्न असे; म्हणून दर चढे ठेवण्यांत दोन्ही सरकारांचें हित जुळे. १९७६ सालीं मुंबईहून लंडनास थेट नंबर फिरविण्याची सोय झाली. पुढें चौकाचौकांतून पिवळ्या पाट्यांचीं टेलिफोन-घरें निघालीं, व तेथील लाल आंकड्यांच्या यंत्राकडे एक डोळा ठेवून लोक बोलूं लागले. सोय वाढली, पण मक्ता कायम राहिला. १९८६ सालीं परदेश दळणवळण सेवेची विदेश संचार निगम ही कंपनी झाली. तिचा परदेशी बोलण्याचा मक्ता २००२ च्या एप्रिलांत संपला, त्याच सुमारास इंटरनेटवरून बोलण्यास परवानगी मिळाली, आणि अनेक कंपन्या या धंद्यांत उतरतांच दर कोसळले. दिघीस या निगमाची शेंकडों एकर जमीन होती, आणि तिचा मोठा भाग फाजील ठरून पुढें वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेला. मक्त्याच्या काळाचें विस्तीर्णपण त्या जमिनीवरून अजून मोजतां येतें.

येथवर झाली घरून परदेशीं केलेल्या टेलिफोनाची कथा. यांत बोलणारा आपल्याच बाजारांत उभा असतो. एकाचा दर न पटला, तर दुसऱ्याकडे जातो. म्हणून स्पर्धेचा फायदा त्यास मिळतो. परदेशांतून येणारा आवाज उतरवून घेण्याबद्दल आपल्या कंपन्यांनीं काय घ्यावें, यावरही दूरसंचार नियामक प्राधिकरणाचें लक्ष असतें. २०१८ च्या फेब्रुवारीपासून हा आकार मिनिटास ३० पैशांवर आणला गेला, व २०२० च्या मे महिन्यापासून ३५ ते ६५ पैशांच्या मर्यादेंत ठेवण्यांत आला. आतां रोमिंगची कथा ऐकावी. ती सर्वस्वीं निराळी आहे.

१९९५ सालीं हिंदुस्थानांत मोबाईल आला, तेव्हां देशाचीं मंडळें पाडून परवाने देण्यांत आले. त्यांत मुंबईचें मंडळ निराळें व उरलेल्या महाराष्ट्राचें निराळें. गोवा मात्र महाराष्ट्रांत. राजकीय नकाशाशीं न जुळणारी ही एक नवी सरहद्दच होती. शिवाय आरंभीं आलेला टेलिफोन घेण्याचेही पैसे पडत. म्हणजे मोबाईलवरील प्रत्येक संभाषण एका परीनें बेरंग पत्रच होतें. लोक नुसती घंटा वाजवून ठेवूं लागले, आणि ‘मिस्ड कॉल’ ही दरिद्र्याची तार जन्मास आली. २००३ च्या मे महिन्यांत, बोलणारानेंच पैसे द्यावे हें तत्त्व लागू झालें, आणि स्वतःच्या मंडळांत येणारे टेलिफोन फुकट झाले. परंतु मंडळाबाहेर पाऊल पडलें कीं पुन्हां बेरंगाचा कायदा सुरू होई.

याचा जाच कोणास झाला? मोटारींतून मुंबईस जाणाऱ्या व्यवस्थापकास झालाच. पण त्याहून अधिक चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून राबणाऱ्या परप्रांतीय कामगारास झाला. बिहार-उत्तरप्रदेशांतून निघतांना घेतलेला नंबर गांवाकडील सर्वांस ठाऊक. तो चालूं ठेवावा तर आईचा आवाज ऐकण्याचेही पैसे पडावयाचे, आणि बदलावा तर गांवाशीं असलेला धागाच तुटावयाचा. म्हणून एका खिशांत दोन सिमकार्डें आलीं. नियामकांनीं २००७, २०१३ व २०१५ सालीं हे दर टप्प्याटप्प्यानें उतरविले. भारत संचार निगमानें २०१५ च्या जूनमध्यें रोमिंगमधील येणारे टेलिफोन मोफत केले. २०१६ सालीं नव्या स्पर्धकानें देशांतर्गत रोमिंगचा निराळा आकारच घेतला नाहीं, आणि २०१७ पर्यंत इतर मोठ्या कंपन्यांसही तोच मार्ग धरावा लागला. मनोरे तेच, अंतर तेंच. ज्या आकारास अपरिहार्य खर्च म्हणून वर्षानुवर्षें सांगितलें, तो एका स्पर्धकाच्या येण्यानें नाहींसा झाला. यावरून त्यांत खर्च किती होता व रूढि किती, हें वाचकांनींच ठरवावें.

देशाबाहेरील रोमिंगचा आरंभ युरोपांत १९९२ सालीं फिनलंड व इंग्लंड येथील दोन कंपन्यांच्या करारानें झाला. त्याचें काम असें चालतें. चिंचवडचा गृहस्थ स्टुटगार्टास उतरला कीं त्याचा मोबाईल तेथील एका कंपनीच्या मनोऱ्याशीं बोलूं लागतो. ती कंपनी चौकशी करते, ‘हा पाहुणा कोणाचा?’ आपली कंपनी उत्तर देते, ‘आमचा, त्याच्या खर्चास आम्ही जामीन.’ पाहुण्यानें केलेल्या प्रत्येक संभाषणाचा ठोक दर जर्मन कंपनी आपल्या कंपनीकडून घेते, आणि आपली कंपनी त्यावर आपला नफा चढवून पाहुण्याकडून वसूल करते. घरच्या माणसानें टेलिफोन केला, तर त्याच्या दृष्टीनें तो देशांतलाच नंबर असतो. तो देशांतल्याच दरानें बोलतो. पण त्याचा आवाज प्रथम आपल्या कंपनीपाशीं जातो, व तेथून पुढें जर्मनीपर्यंतच्या प्रवासाचा भार घेणारावर पडतो. म्हणजे पुन्हां बेरंग पत्र! फरक इतकाच कीं, टपालवाल्याकडून बेरंग पत्र परत करतांना वरील अक्षर तरी दिसे. येथें पाहुण्यास कित्येकदां हांशील किती हेंही ठाऊक नसतें.

या रचनेंतील खरी गोम अशी कीं, स्पर्धा ज्या ठिकाणीं असते, त्या ठिकाणीं हा पाहुणा नसतो. जर्मन कंपनीचे दर जर्मन गिऱ्हाइकासाठीं उतरतात. पण पाहुणा तिचें गिऱ्हाईक नव्हे. आपल्या कंपनीचे दर घरच्या गिऱ्हाइकासाठीं उतरतात. पण हा तर घरीं नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या नागरिकांस याचा दाखला दूर शोधावयास नको. येथील महानगरपालिका २०१३ पर्यंत जकातीच्या उत्पन्नावर श्रीमंत गणली गेली. जकात मालाच्या वाहतुकीच्या खर्चासाठीं नसे. माल वेशींतून आंत आला, एवढेंच तिचें कारण. रोमिंगचा पुष्कळसा आकार हा असाच वेशीवरचा दाम आहे. युरोपीय संघानें २००७ पासून त्यावर मर्यादा घालीत आणून १५ जून २०१७ रोजीं आपल्या सभासद-देशांपुरता हा नाका उठविला. सभासदाचा नागरिक शेजारच्या देशांतही घरच्याच दरानें बोलूं लागला. त्यामुळें कंपन्या बुडाल्या नाहींत, कीं मनोरे कोसळले नाहींत.

इंटरनेटवरून बोलण्याची सोय झाल्यापासून हा प्रश्न उरला नाहीं, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें आहे. घरीं किंवा हॉटेलांत बसून इंटरनेटवर बोलणारास अंतराचा दाम पडत नाहीं, हें खरें. परंतु रस्त्यांत, स्थानकांत, अडचणीच्या वेळीं तो पुन्हां परक्या मनोऱ्यावरच अवलंबून असतो, आणि तेथें इंटरनेटचाही रोमिंग-दर असतो. शिवाय बँकेचा संकेतांक त्याच घरच्या नंबरावर येतो; म्हणून परदेशीं नवें सिमकार्ड घेणारासही जुनें टाकून देतां येत नाहीं. व्यवहारतः सांगावयाचें तर, थोड्या दिवसांच्या प्रवासास निघण्यापूर्वीं आपल्या कंपनीची योजना घेणें, दीर्घ मुक्कामास तेथलें सिमकार्ड घेणें, आणि शक्य तेव्हां घरच्या माणसानें परदेशस्थाच्या तेथल्या नंबरावर टेलिफोन करणें हा स्वस्ताचा मार्ग; कारण मग बोलणारा आपल्या बाजारांत उभा असतो. विशेषतः वडील माणसांस हें समजावून द्यावें. मुलगा परदेशीं आहे हें जाणूनही त्याच्या इकडच्याच नंबरावर टेलिफोन करणारी आई आपण काटकसर करतों आहों अशा समजुतींत असते, आणि त्याचा दाम मुलगा न बोलतां भरीत असतो.

परंतु आमच्या मतें व्यवहाराहून तत्त्व महत्त्वाचें आहे. ज्यानें घर सोडलें, त्यास घरचा आवाज अधिक लागतो. आणि आजची रचना त्याच्याच त्या गरजेवर अधिक दाम लाविते. अंतराचा खर्च होता, तोंवर हें निरुपायानें सोसणें भाग होतें. खडकीच्या झोतानें तो खर्च घटविला, आर्वीच्या थाळीनें त्याचा अंतराशीं असलेला संबंध तोडला, समुद्रतळींच्या तंतूंनीं तो जवळजवळ पुसून टाकला. आतां शिल्लक आहेत त्या वेशी. आणि वेशी निसर्गानें घातलेल्या नसतात. अर्ध्या आण्याचें टपाल सुरू झालें, त्या दिवशीं रायगडच्या रानांतील आणि पुण्याच्या पेठेंतील पत्राचें मोल सारखें झालें. देशांतर्गत रोमिंग गेलें, तेव्हां चाकणच्या कामगाराचा व पुण्याच्या सावकाराचा आवाज सारखा झाला. तोच न्याय देशांच्या वेशीवर कधीं पोंचावयाचा, एवढाच प्रश्न आतां उरला आहे. आणि तो इंजिनियरांस विचारून उपयोग नाहीं, कारण त्यांनीं आपलें उत्तर १९७१ सालींच जुन्नरच्या माळावर देऊन ठेविलें आहे.